आप्पांची होडी आणि उजवं चाक

आमच्या शेजारचे सिद्रामप्पा रोज सकाळी होडीत बसून आंघोळ करत. नदीत नव्हे, तळ्यात नव्हे, स्वतःच्या अंगणात. लिंबाखाली दोन रबरी चाकांचा एक गाडा उभा असे, गाड्यावर लाकडी होडी आणि होडीच्या पोटात पंचा नेसून बसलेले आप्पा. पाण्याची बादली ते आधी वर चढवायचे, मग 'शिव शिव' करत स्वतः चढायचे. आप्पा चढले की गाडा असा करकरायचा की आमच्याकडं घड्याळ नसूनही उजाडल्याचं कळायचं.

बेंबळीला मी नवा होतो. तिथल्या सरकारी शाळेत, म्हणजे तेव्हाच्या भाषेत मदरशात, मराठी शिकवायला माझी नेमणूक झाली होती, लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि आप्पांच्या घराला लागून दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या होत्या. पहिल्याच सकाळी माझी बायको कमल पाणी आणायला म्हणून बाहेर पडली आणि रिकामी घागर घेऊन परत आली.

"अहो, शेजारचे आजोबा होडीत बसून आंघोळ करायलेत."

"इथं नदी असंल," मी पांघरुणातूनच म्हणालो.

"नदी न्हाय. नुसती होडी हाय."

खरोखरच नुसती होडी होती. बेंबळीत पाणी बघायचं तर विहिरीत वाकून बघावं लागे, आणि चैत्रानंतर वाकूनही फार काही दिसत नसे. अशा गावात किराण्याचं दुकान चालवणाऱ्या माणसानं होडी बाळगायची, तिला आंघोळ घालायची, म्हणजे डोक्यावर परिणाम झालेला असणार, हे उघड होतं. मी धीर करून आप्पांनाच विचारलं की, होडीत आंघोळ करण्याचं कारण काय. हा प्रश्न विचारल्यामुळं त्यांचा माझ्यावर कायमचा जीव जडला, कारण विचारणारी माणसं त्यांना फार आवडत.

"लाकूड वाळलं का फळ्या आकसत्यात," आप्पा म्हणाले. "फळ्या आकसल्या का फटी पडत्यात. फटीतनं पानी आत येतंय. म्हनून तिला ओली ठिवायची. आता ऐन उन्हाळ्यात म्या घागरीनं पानी वतलं तर गावातल्या बायका मला जित्ता सोडतील व्हय? म्हनून म्या आत बसून आंगुळ करतो. पानी माझंबी झालं आन तिचंबी झालं."

यात खोट काढायला जागा नव्हती. आप्पांच्या कुठल्याच वेडात खोट काढायला जागा नसे आणि त्यामुळं त्यांच्याशी वाद घालणारा माणूस घरी जाताना स्वतःच थोडा वेडा होऊन जाई.

'कारनाबिगर झाडाचं पानबी हालत न्हाय' हे आप्पांचं ठरलेलं वाक्य. दुकानात एखादी बाई म्हणाली की, आप्पा, परवाची डाळ शिजली नाही, तर दुसरा दुकानदार डाळ बदलून देईल, नाहीतर भांडेल. आप्पा तिला ओट्यावर बसवून घ्यायचे. पाणी कुठल्या विहिरीचं? सरपण बाभळीचं का पळाट्याचं? झाकण घातलं होतं का? मीठ आधी टाकलं का मागनं? डाळ चुलीवर असताना घरात कोण आलं होतं? या शेवटच्या प्रश्नाला बाई हमखास सासूचं गाऱ्हाणं सुरू करायची आणि आप्पा मान हलवून म्हणायचे, "बघा, कारन निगालं का न्हाय." डाळ तशीच राहायची.

निम्म्या वेळा आप्पांचं निदान साफ चुकायचं. आमच्याकडं दूध रोज नासतं म्हणून त्यांनी कमलच्या चुलीसमोर बैठक मारून एकेक भांडं हुंगलं आणि दोष तपेल्याचा ठरवला. नवं तपेलं आणलं, तरी दूध नासलं. आप्पांना दुःख झालं नाही. "एक कारन वजा झालं," ते समाधानानं म्हणाले आणि पुन्हा येऊन बसले. पुढं दोष गवळ्याचा निघाला, तोवर आमच्या घरातली सगळी भांडी वजा झाली होती.

देहानं आप्पा भरभक्कम. दर पाडव्याला दुकानातल्या मोठ्या काट्याच्या एका पारड्यात ते स्वतः बसत आणि दुसऱ्या पारड्यात गुळाच्या ढेपा चढवायला लावत. बघायला अर्धं गाव जमे. ढेपेवर ढेप चढत जाई आणि आप्पा पारड्यात मांडी घालून निश्चल बसलेले असत. शेवटी पारडं हललं की तो सगळा गूळ गावात वाटला जाई. त्यामुळं आप्पांनी वाळू नये अशी गावातल्या यच्चयावत पोरांची मनापासून इच्छा असे.

ही होडी त्यांच्याकडं कशी आली ते गावाकडून कळलं. बदकांच्या शिकारीचा शौक असलेल्या कुणा जहागीरदाराच्या चीजवस्तूंचा लिलाव झाला. आप्पा गेले होते लोखंडी वजनं घ्यायला आणि बैल जुंपून घेऊन आले होडी, खालच्या गाड्यासकट. गाड्याची चाकं जुन्या मोटारीची, रबरी टायरांची. त्याच्या आदल्या साली त्यांची बायको निलव्वाकाकू वारली होती. पोटी मूलबाळ नव्हतं. गावानं दोन्हींची सांगड घातली आणि बायकोबरोबर आप्पांची अक्कलही गेली असं म्हणून विषय मिटवला.

वर्षातून एकदा, दसऱ्याला, होडी बाहेर निघायची. सीमोल्लंघन म्हणून माणसं गावची शीव ओलांडतात आणि आपट्याची पानं घेऊन परत येतात. आप्पा शीव ओलांडून थेट तेरला जायचे, तेरणा नदीच्या डोहावर. वेशीपर्यंतच्या गल्ल्या अरुंद, म्हणून तिथवर ते कासरा धरून बैलांपुढं चालत आणि वेशीबाहेर पडल्यावर होडीत चढत. पोरंटोरं वेशीपर्यंत मागं पळायची, होडीत घ्या म्हणून गळा काढायची.

"जागा न्हाय," आप्पा म्हणायचे.

त्या होडीत आडवी फळी अशी की चार माणसं मांडीला मांडी लावून बसावीत. पण पोरांनाच काय, गावच्या पाटलालाही आप्पांनी तेच उत्तर दिलं होतं. गुळाच्या ढेपा वाटणारा माणूस फळीवरच्या जागेला एवढा का चिकटतो, हे कोडं कुणाला सुटलं नाही. पाटलानं तर ते मनाला लावून घेतलं आणि वाणसामान दुसऱ्या दुकानातून आणायला सुरुवात केली.

आम्ही बेंबळीला आलो त्या वर्षी पोळ्याला आप्पांनी बैलांना धुतलं, शिंगं रंगवली आणि मग गाड्याच्या चाकांनाही हळदकुंकू लावायला वाकले. वाकले ते बराच वेळ उठले नाहीत. मला वाटलं, कंबर धरली. मी कुंपणावरून पलीकडं गेलो.

"मास्तर, ह्ये बघा," ते म्हणाले.

डाव्या चाकाचा टायर चांगला जाड होता. उजव्याचा मात्र झिजून गुळगुळीत झाला होता आणि एका कडेला तर रबर जाऊन आतला दोऱ्याचा थर दिसायला लागला होता.

"दोनी टायर एकाच मोटारीचं. दोनी एकाच दिशी बसीवलं. दोनी एकाच रस्त्यानं गेलं. मंग ह्योच का झिजला?"

दुसऱ्या कुणी नवा टायर घेतला असता. पण ते लढाईचे दिवस होते. रबर सगळं फौजेकडं जायचं. मोटारवाल्यांनाच टायर मिळत नव्हते, तिथं होडीला कोण देणार? हा टायर फाटला की गाडा बसला, आणि गाडा बसला की होडी अंगणातच कुजणार. लाकडी चाकं बसवून घ्या, असं मी सुचवलं. आप्पा म्हणाले की, लाकडी चाकाच्या धक्क्यानं फळ्यांचे सांधे उकलतील आणि मग ती पाण्यात टिकणार नाही. त्यांचा एवढाच हट्ट होता की, होडी दसऱ्याला तेरणेत गेली पाहिजे. हा टायर तोवर आणि त्यापुढंही टिकायचा, तर झिजण्याचं कारण सापडायला हवं होतं.

पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत आमच्या शेजारी दुसरा उद्योग नव्हता. गावातलं प्रत्येक शहाणं माणूस येऊन गाड्याभोवती फिरून गेलं. आप्पा शेजारी उभे राहून प्रत्येकाला सगळी हकीकत पहिल्यापासून सांगत आणि माणूस जाताना त्याला गूळ-शेंगदाणे देत. त्यामुळं तज्ज्ञांची संख्या रोज वाढत गेली.

रामा लोहारानं एक डोळा मिटून सांगितलं की, आख वाकलाय. आख काढला, भट्टीत घातला, ठोकला. बसवून बघतो तर आधी सरळ होता तो आता वाकला होता. पुन्हा काढून सरळ करण्यात त्याचे आणखी दोन दिवस गेले. आप्पा म्हणाले, एक कारण वजा झालं.

मग करीमभाई आले. ते मोटारीवर ड्रायव्हर. पेट्रोल मिळत नसल्यामुळं त्यांची मोटार कोळशावर चाले आणि चढावर उतारूंना ढकलावी लागे, तरी चाकांच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा होता. त्यांनी दोन्ही टायरांना लाथ मारली, कान लावून ऐकलं आणि पंपानं हवा भरून पुन्हा लाथ मारली.

"हवा बराबर है आप्पा, चक्का बी बराबर है," ते म्हणाले. "फिर कायकू घिसरा मालूम नै. मेरे को तो ये कश्तीच समझ में नै आती."

मठपतींनी दोष उजव्या बैलावर घातला. तो अंगचोर आहे, डावा ओढतो, म्हणून गाडा तिरका चालतो. आप्पांनी लगेच बैलांच्या बाजू बदलून गाडा जुंपला. बैल जन्मभर ज्या अंगाला चालला त्याच अंगाला चालतो. बाजू बदलल्यावर दोघांनी एकमेकांकडं पाहिलं आणि भर रस्त्यात खाली बसले. दुपारपर्यंत दुकानासमोरचा रस्ता बंद होता आणि धाराशिवची डाक घेऊन आलेला माणूस झाडाखाली झोपला.

शेवटी मला राहवलं नाही. मी मास्तर. मी अंगणात काटकीनं वर्तुळ काढलं आणि आप्पांना समजावून दिलं की, गाडा गोल फिरला तर आतल्या चाकाला कमी आणि बाहेरच्या चाकाला जास्त चालावं लागतं. तेरला नदीकाठी महादेवाचं देऊळ आहे. होडी पाण्यात घालण्यापूर्वी तुम्ही तिला देवळाभोवती फिरवत असाल, आणि प्रदक्षिणा तर एकाच बाजूनं असते.

आप्पांनी वर्तुळाकडं पुष्कळ वेळ पाहिलं.

"मास्तर, महादेवाला कवा गेला हुता?"

"का?"

"महादेवाला पुरी प्रदक्षिना नसती. पिंडीवरलं पानी भाईर पडतंय ती पन्हाळ वलांडायची नसती. तितवर जायाचं आन आल्या वाटंनं माघारी फिरायचं. म्हंजी जाताना एक चाक भाईर, येताना दुसरं चाक भाईर. दोनी सारकीच झिजाय पायजेत. आन पुरी घातली आसती तरी देव उजव्या हाताला, मंग डावंच चाक जास्त झिजलं आसतं." मग माझा चेहरा पाहून ते म्हणाले, "पन डोकं चांगलं चालवलंत. एक कारन वजा झालं."

कमल आत जाऊन हसली. मी ते वर्तुळ पायानं पुसून टाकलं.

दसरा आला तरी कारण सापडलं नाही. आप्पांनी उजव्या टायरला चामड्याचा तुकडा आत बसवून घेतला, नारळ फोडला आणि पहाटेच बैल जुंपले. कमलचं माहेर तेरचंच, पण पोरींना डोहाकडं फिरकू देत नसत, म्हणून ही होडी तिनं आधी कधी पाहिली नव्हती. आम्हालाही सणाला जायचं होतं आणि बैलगाडी सांगून ठेवली होती. निघताना मी सहज म्हणालो, "आप्पा, आमची गाडी कशाला? होडीतच येतो की आम्ही दोघं."

"जागा न्हाय," आप्पा म्हणाले.

शेजारधर्म, दुधाची बैठक, वर्तुळ, कशाचाही उपयोग झाला नाही. मला राग आला. कमल म्हणाली की, जाऊ द्या, म्हाताऱ्या माणसाचं एखादं असतं. आम्ही आमच्या गाडीत बसलो आणि वेशीबाहेर पडल्यावर होडीच्या मागं मागं चाललो.

बैलगाडीचा प्रवास, त्यातून पुढं होडी. मला बघायला दुसरं काही नव्हतं. दोन्ही बाजूंना ज्वारीची रानं, मधून मुरमाचा रस्ता आणि समोर होडीचं ढुंगण. बघता बघता माझ्या लक्षात आलं की, होडी सरळ नाही. उजव्या अंगाला कलली आहे, आणि उजवा टायर खाली चेपून फुगला आहे. मी मान लांब करून पाहिलं. आप्पा फळीच्या पार उजव्या टोकाला बसले होते. एक खांदा होडीच्या कडेबाहेर आलेला. सगळी फळी मोकळी आणि त्या ढेपांना भारी पडणाऱ्या देहाचा सगळा भार एका चाकावर.

आम्ही सगळे शहाणे गाडा उभा असताना बघत होतो आणि आप्पा तेव्हा शेजारी उभं राहून हकीकत सांगत होते. मी चालत्या गाडीतून उडी टाकली आणि पळत पुढं गेलो.

"आप्पा, थांबा. कारण सापडलं."

आप्पांनी बैल उभे केले. त्यांचा चेहरा असा उजळला की मला माझाच अभिमान वाटला.

"कारण तुम्ही आहात," मी म्हणालो. "तुम्ही उजव्या टोकाला बसता. सगळं वजन त्या एका चाकावर येतं."

आप्पांनी स्वतःकडं पाहिलं, मग फळीकडं, मग वाकून चाकाकडं.

"आगं बाई, व्हय की," ते हळूच म्हणाले. "बराबर हाय. सोळा आनं बराबर. एवढी मानसं आली, कुनाला सुचलं न्हाय."

"आता मधोमध सरकून बसा म्हणजे झालं."

आप्पा सरकले नाहीत. फळीच्या डाव्या बाजूला एक जुनी वाकळ घडी घालून अंथरलेली होती. त्यांनी तिच्यावर हात ठेवला.

"मधी न्हाय जमायचं, मास्तर."

"का? कारण सांगा," मी हसत म्हणालो. मला अजून काही कळलं नव्हतं. कमल गाडीतून उतरून मागं येऊन उभी राहिली होती, तिनं माझी बाही ओढली. पण प्रश्न विचारून झाला होता, आणि कारण विचारल्यावर उत्तर न देणं आप्पांना माहीत नव्हतं.

"माझं लगीन भीमेकाठी लागलं," ते सांगू लागले. "निलव्वाचं माहेर तिकडलं. लगीन लागून माघारी निगालो, तर मधी भीमा. म्या जल्मात एवढं पानी बघितलं नव्हतं. होडीत बसीवलं आन ती हालली, तसा भ्यानं म्या मधोमध पसरलो. दोनी हातांनी दोनी कडा धरल्या. ही बिचारी टोकाला, निम्मी आत, निम्मी भाईर. तिला सवय हुती पान्याची. ती जी हसाय लागली, ती पल्याड जाऊस्तवर हसली. मंग संसारभर हसली. पावना आला का त्याला सांगायची, ह्यांनी मला पयल्या दिशी बसाय जागा दिली न्हाय."

आप्पा स्वतःही थोडं हसले.

"म्हनायची, एकदा नीट शेजारी बसा, मंग मी हसायची बंद हुईन. म्या म्हनायचो, बघू. बेंबळीत कुठली होडी? ऱ्हाऊन गेलं." त्यांनी वाकळीची घडी सारखी केली. "आता म्या मधी बसलो तर तिनं पुन्ना अंग चोरूनच बसायचं व्हय?"

आप्पा लगेच कामाला लागले. कडेला धरत, गुडघे सांभाळत ते खाली उतरले आणि कासरा हातात घेतला.

"आप्पा, हे काय?"

"कारन पटलं मला. टायर तर वाचाय पायजे. चालतो म्या."

"आमच्या गाडीत या," मी म्हणालो. "होडी मागं बांधू."

"आन तिला एकटीला बसवू?" आप्पा म्हणाले आणि चालायला लागले.

तेर अजून बरंच लांब होतं. आप्पांना दुकानाच्या ओट्यावरून उतरायचं तरी दोनदा विचार करावा लागे. मीही त्यांच्याबरोबर पायीच चाललो, कारण गाडीत बसायची सोय राहिली नव्हती. कमल मला एवढंच म्हणाली, "तुमाला कारन शोधायला कुनी सांगितलं होतं?" आणि तेर येईपर्यंत दुसरं बोलली नाही. आप्पाच अधूनमधून थांबून चाकाकडं बघत आणि मला धीर देत, "बघा, कशी सरळ चाललीय."

दिवस कलताना आम्ही डोहावर पोचलो. कमलच्या भावानं आणि तिथल्या चार माणसांनी होडी पाण्यात ढकलून दिली. आप्पा गुडघाभर पाण्यात उभे राहिले, तेही एका हातानं काठावरचं झाड धरून. दुसऱ्या हातात होडीची दोरी. होडी रिकामीच पाण्यावर गेली. फळीवर वाकळ तशीच होती.

"बसत नाही तुम्ही?" मी विचारलं.

"अजून लई भ्या वाटतंय," आप्पा म्हणाले. "बसलो का पुन्ना मधी पसरंन. तिला म्हनलं, तू जा फिरून ये, म्या दोरी धरतो. रस्त्यानं बसतोच की शेजारी."

मग ते होडीकडं बघून निलव्वाच्या माहेरच्या कानडीत काहीतरी बोलत राहिले. दुकानातला भाव सांगावा इतक्या साध्या आवाजात. कमलचा भाऊ म्हणाला की, दरवर्षी हे असंच असतं, म्हणून आता इथं कुणी बघायला थांबत नाही. आम्हीही थांबलो नाही. जाताना मला पाटलाचा आणि स्वतःचा, दोघांचाही राग येत होता, आणि आप्पांविषयी जे वाटत होतं ते कुणाला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघायच्या तयारीत असताना आप्पा कमलच्या माहेरी दारात उभे, मागं गाड्यावर चढवलेली होडी आणि जुंपलेले बैल. गुडघे सुजून कलिंगडाएवढे झाले होते.

"पोरी," ते कमलला म्हणाले, "माझं पाय न्हाय म्हनत्यात. होडीत येतीस का?"

मी तोंड उघडलं होतं, पण कमल उत्तर देऊन मोकळी झाली. "येते की." ती सरळ जाऊन होडीत चढली आणि फळीच्या पार डाव्या टोकाला, कडेला खेटून बसली. वाकळ तिनं उचलून मधोमध अंथरली आणि तिच्या सुरकुत्या काढल्या. आप्पा तिच्याकडं बघत राहिले. मग उजव्या टोकाला जाऊन बसले.

होडी उजवीकडं कललीच. कमल म्हणजे चिपाड. आप्पांनी कडेवरून वाकून चाक पाहिलं.

"कमी पडतंय. मास्तर, तुमीबी या."

मी कमलच्या अंगाला खेटून बसलो. तरी कमीच. मग सासूबाईंनी दिलेले भोपळे आमच्या पायाशी आले, रताळ्यांचं पोतं आलं, मेहुण्यानं घरातला पाटा आणून दिला आणि म्हणाला की, वरवंटाबी देऊ का. गल्लीतली माणसं गोळा झाली होती, जो तो वाकून चाकं बघून सांगत होता. शेवटी एका म्हाताऱ्यानं दोन्ही चाकांवर हात ठेवून मान डोलावली आणि आम्ही निघालो.

आमची भाड्याची गाडी रिकामी मागून येत होती. आम्ही दोघं एका कडेला, पायाशी भोपळे, पलीकडच्या कडेला आप्पा, आणि मधे एक माणूस ऐसपैस बसेल एवढी मोकळी जागा. बोलताना मान पुढं काढून बोलावं लागत होतं. या खेपेला अंग चोरून बसायची पाळी आप्पांवर आली होती. खांदा बाहेर, एक हात कडेला घट्ट, दुसऱ्या हातात कासरा.

गाव मागं पडल्यावर कमलनं पदराची गाठ सोडून आपट्याची पानं काढली. दसऱ्याचं सोनं दुसऱ्या दिवशीही चालतं. तिनं एक पान हात लांब करून आप्पांना दिलं आणि बसल्या बसल्या वाकून नमस्कार केला. मग दुसरं पान मधल्या वाकळीवर ठेवलं आणि तिथंही तसाच नमस्कार केला.

"काकू, सोनं घ्या," ती म्हणाली.

आप्पा पुढं बघत होते. बैल आपले चालत होते, दोन्ही चाकं मुरमावर एकसारखी वाजत होती. आप्पांनी कासऱ्याच्या हाताच्या मनगटानं डोळे पुसले आणि मधल्या जागेकडं न बघताच लटक्या रागानं म्हणाले, "साकु, नगबेड."

मदरशातल्या कानडी पोरांमुळं एवढं मला कळत होतं. पुरे आता, हसू नको.